अकरा मिनिटांचे आठ लाख

चौतीस वर्षांत शामसुंदर निखाडे यांनी कुणाच्याही नावावर न केलेल्या कामाचा एक तास पडू दिला नाही. आणि शेवटी त्यांच्याच घरात तसे आठ लाख रुपये आले.

ते पोलाद कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. सुरुवात नंदिनी नगरला, चुनखडीच्या खाणींवर. मग भिलाईत. कामगार किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर पडला, किती तास ओव्हरटाइम झाला, एवढं लिहायचं. त्यावरून पगार निघायचा. प्रत्येक कागदावर दोन सह्या लागत, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. दुसरी सही नसेल तर कागद टेबलावरून हलत नसे. एकदा त्यांना स्वतःच्याच पगारात तीनशे चाळीस रुपये जास्तीचे दिसले. त्यांनी स्वतःवर वसुलीचा कागद केला आणि सहीला पुढे पाठवला. तपासणाऱ्याने कपाळावर हात मारला, पण सही केली.

निवृत्तीनंतर कारखान्याचं मरोद्यातलं क्वार्टर सुटलं आणि ते जुनवानीला स्वतःच्या घरात आले. दोन सह्यांची सवय सोबत आली. गॅस एजन्सीकडे तक्रार असो की भाच्याच्या लग्नाला येणं जमणार नाही असं पत्र असो, खाली डावीकडे त्यांची सही आणि उजवीकडे शेजारच्या मारोतराव भोयरांची. मारोतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ते पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नसत. वाचायला चष्मा लागे, आणि चष्मा नेहमी घरी राहिलेला असे. म्हणून निखाड्यांची पत्रं एक दिवस उशिरा निघत.

मुलगी मृणाल मरोद्याच्या मैदानावर कबड्डी शिकली. राइट कॉर्नरची खेळाडू. चढाईला आलेल्या रेडरचा घोटा हातात आला की सोडायची नाही, एवढं तिला चांगलं येत होतं. गेल्या वर्षी महिलांची एक नवी लीग निघाली आणि लिलावात एका संघाने तिला आठ लाखांना घेतलं. लिलाव टीव्हीवर दाखवला. तिच्या आईने, कलावतीबाईंनी, गल्लीत पेढे वाटले.

"आठ लाख वर्षाचे ना?" शामसुंदररावांनी विचारलं.

"सीझन के, बाबा. तीन महिने."

ते उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

सीझनमध्ये चौदा सामने होते. संघात बारा जणी, मैदानावर सात. मृणालच्या जागेवर उन्नती नावाची खेळाडू होती, एकतीस लाखांची. त्यामुळे मृणाल बेंचवर. शामसुंदरराव प्रत्येक सामन्याला हातात घड्याळ घेऊन टीव्हीपुढे बसत. चौथ्या सामन्यात उन्नतीचा बूट फाटला, तेव्हा मृणाल दोन मिनिटं आत गेली. चौदावा सामना अर्ध्यातच हातचा गेला होता, त्यात तिला नऊ मिनिटं मिळाली. तिने एक पकड केली. एक गुण. सीझन संपला.

"मुलगी टीव्हीवर छान दिसून राहिली होती," कलावतीबाई म्हणाल्या.

"बसलेली दिसून राहिली होती," शामसुंदरराव म्हणाले.

एप्रिलमध्ये त्यांनी तक्ता केला. वर्तमानपत्रात छापून आलेल्या लिलावाच्या रकमा एका रकान्यात, मिळवलेले गुण दुसऱ्यात, एका गुणाची किंमत तिसऱ्यात, शेरा चौथ्यात. लीगमधल्या सगळ्यांत महागड्या सात जणींपैकी दोघींनीच पैसे फेडले होते. मृणालच्या संघाच्या कर्णधाराचा एक गुण लाखाच्या वर पडला होता. तीन लाखांची एक सतरा वर्षांची पोर मात्र सगळ्यांत जास्त गुण करून मोकळी झाली होती. उन्नतीचा शेरा 'ठीक'. मृणालची ओळ शेवटची. गुण एक, किंमत आठ लाख, शेरा 'काम नाही'. मिनिटाचा भावही काढला होता. बहात्तर हजार सातशे सत्तावीस. तक्ता त्यांनी फ्रिजवर लावला, कारण घरातले सगळे महत्त्वाचे कागद तिथेच लागत.

कलावतीबाईंनी भाजी काढताना तो वाचला.

"अवो, तुमच्या साहेबाचा काढला होता का कधी असा तक्ता?"

"साहेबाची हजेरी आमच्याकडे नव्हती."

"मंग? फक्त गरिबाचीच मोजता तुमी."

"आठ लाखवाली गरीब नसते."

"तिचा अंगठा मोडला तिथं. दिवाळीले नव्हती घरी, आधीच सरावाले बोलावली होती. ते कोण्या रकान्यात टाकलं?"

शामसुंदररावांनी तक्ता पुन्हा पाहिला. तसा रकाना नव्हता.

मृणालही तक्त्यापुढे उभी राहिली. तिने दूध काढलं आणि फ्रिज लावला. पैसे तिच्या खात्यात तसेच पडून होते. तिने त्यातून मोबाईलचं कव्हरसुद्धा घेतलं नव्हतं. हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच आठवड्यात शामसुंदररावांनी संघाच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिलं. विषय: न केलेल्या कामाच्या मोबदल्याबाबत. 'माझी कन्या आपल्याकडे अकरा मिनिटे कामावर होती. उरलेल्या वेळेत ती खुर्चीवर बसलेली मी स्वतः पाहिली आहे. तरी जास्तीची रक्कम किती ते ठरवून वसुली कळवावी.' डावीकडे सही केली आणि कागद मारोतरावांकडे नेला.

मारोतरावांनी चष्मा शोधला. पत्र दोनदा वाचलं. घडी घालून परत दिलं.

"नाही करत."

"चूक आहे का काही?"

"शुद्धलेखन बरोबर आहे. मी सही करत नाही."

"कावून?"

"भाऊ, मी काय काम करत होतो?"

"रेल्वेत."

"रेल्वेत काय?"

"अपघाताच्या रिलीफ ट्रेनवर."

"बावीस वर्षं. यार्डात गाडी उभी, आमी गाडीजवळ. सायरन वाजला का पंधरा मिनिटांत चढायचं. गाडी खऱ्या कामाले किती डाव निघाली, सांगा."

"मले काय माहीत."

"नऊ डाव. बाकी बावीस वर्षं चाकं पुसली, सामान मोजलं अन् पत्ते खेळलो. लिहा रेल्वेले. वसूल करा म्हणा भोयरकडून."

"ते सरकारी काम होतं, मारोतराव."

"मंग तुमची पोरगी काय चोरीचं काम करून आली?"

शामसुंदरराव कागद घेऊन घरी आले. एका सहीचा कागद पाठवणं शक्य नव्हतं. फाडणंही शक्य नव्हतं, कारण त्यावर एक सही होती. त्यांनी तो कपाटात ठेवला. आठ दिवस मारोतराव आणि ते कुंपणाच्या दोन बाजूंनी झाडांना पाणी घालत राहिले, न बोलता. मारोतरावांचं एक झाड कुजलं.

मे महिन्यात संघाचा मेल आला. मृणालला पुढच्या सीझनसाठी ठेवून घेतलं होतं. दहा लाख. करारावर सह्या करून शुक्रवारपर्यंत परत पाठवायचा होता, नाहीतर तिची जागा दुसरीला.

शामसुंदररावांना वाटलं, मेल चुकून आला. त्यांनी नाव तपासलं, जन्मतारीख तपासली. बरोबर होती.

"वाढवले?" ते म्हणाले. "कशाचे?"

"टेन्शन मत लो, बाबा," मृणाल म्हणाली. "मैं नहीं जा रही. दुर्गच्या एका शाळेत पीटी टीचरची जागा आहे. चौदा हजार. मी हो म्हणून दिलं."

कलावतीबाईंच्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं.

"कावून?"

"बाबांनी लिहिलं ना. काम नाही." तिने फ्रिजकडे पाहिलं. "बराबर लिहिलं. तिथे मला सगळ्या बेंचवाली दीदी म्हणत. शाळेत निदान दिवसभर उभी तर राहीन."

एवढं बोलून ती आत गेली. कलावतीबाई नवऱ्याकडे वळल्या. बारा वर्षं पहाटे पाचला उठून या मुलीसाठी अंडी उकडली होती त्यांनी, स्वतः अंड्याला शिवत नसताना.

"झालं तुमचं मन शांत? वसूल झाली पोरगी?"

शामसुंदररावांना मुलीचे पैसे परत करायचे होते. मुलगी परत करायची नव्हती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं ते धरून चालले होते. टाइम ऑफिसात त्या वेगळ्याच असत.

गुरुवारी सकाळी ते कुंपणाशी गेले.

"मारोतराव, चष्मा घेऊन येता का?"

मारोतराव आले. कलावतीबाईंनी चहा ठेवला. मृणाल पायरीवर बसून शाळेसाठी घेतलेल्या नव्या बुटांना नाड्या ओवत होती. मारोतरावांनी चहा बशीत ओतला.

"पोरी, तिथं हजेरी कोण लावे?"

"हजेरी? कोई नहीं, काका."

"कोणीच नाही?"

"जॅकेट देत होते. उसमें चिप रहती थी. आत किती वाजता आली, किती पळाली, किती वाजता गेली, सब अपने आप."

शामसुंदररावांचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला.

"त्याचा कागद आहे?"

"कागद नाही. मोबाईलमध्ये आहे." तिने ॲप उघडून फोन पुढे केला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. ते खाली खाली सरकवत गेले. चहावर साय धरली. चौऱ्याण्णव दिवस. चारशे बारा तास. एकही खाडा नाही. एकदाही उशीर नाही.

"सहा फेब्रुवारी," ते म्हणाले. "इथं ताप लिहिला आहे. एकशे दोन. अन् आत येण्याची वेळ सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं."

"दुसऱ्या दिवशी मॅच होती ना."

"तुले कोठी खेळायचं होतं?"

"उन्नती दीदीला होतं. मुझे सामनेवाली रेडर बनना था."

मारोतरावांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे?"

मृणालला हे सांगावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. समोरच्या संघाची रेडर कशी येते, कोणता पाय आधी टाकते, कुठे फसवते, हे मृणाल आदल्या रात्री व्हिडिओत पाहून ठेवायची. सकाळी सरावात तीच रेडर होऊन उन्नतीवर चालून जायची. तीस वेळा, चाळीस वेळा. उन्नतीला पकड जमेपर्यंत. सात संघांच्या सात रेडर तिला पाठ होत्या.

"करून दाखव," मारोतराव म्हणाले.

"इथे?"

"मी उन्नती." त्यांनी लुंगी वर खोचली आणि तुळशीजवळ वाकून उभे राहिले. वय बहात्तर.

"अवो भाऊ, कंबर!" कलावतीबाई ओरडल्या.

मृणाल उठली. कबड्डी कबड्डी म्हणत अंगणात शिरली आणि ती मृणाल राहिली नाही. खांदा पडला, चाल बदलली, डावा पाय ओढत कुणी उंच, आळशी बाई आली, आणि एकदम लवून मारोतरावांच्या गुडघ्याला हात लावून गेलीसुद्धा. मारोतराव दोन मोजण्याइतक्या उशिराने झेपावले आणि तुळशीला मिठी मारून थांबले.

"आउट," ते म्हणाले. "अन् खरी उन्नती? ती पकडे का हिले?"

"शेवटी शेवटी पकडायची. त्या मॅचमध्ये पाच पकडी केल्या तिने."

शामसुंदरराव आत गेले. फ्रिजवरचा तक्ता काढून आणला. उन्नतीच्या ओळीवर बोट ठेवलं. शेरा ठीक.

"हे मले कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं कुठे? घड्याळ लावून बसले होते."

"मंग आठ लाख बरोबर आहेत म्हणतेस?"

"मला नाही माहीत, बाबा. तुम्ही सांगा. बरोबर वाटत असेल तर सही करते. नाहीतर सोमवारी शाळेत जाते."

अंगणात कुणीच हललं नाही. मारोतरावसुद्धा वाकलेलेच होते, पण त्याला कंबर कारण होती.

शामसुंदररावांनी मनात भागाकार केला. तासाला एकोणीसशे एकेचाळीस रुपये आणि काही पैसे. त्यांच्या मते हेही फार होतं. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं.

"बरोबर आहेत का, ते मी नाही सांगू शकत," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी कोणाची किंमत नाही लावली. ते वरून येत होतं. साहेबाले इतके कावून अन् मजुराले इतके कावून, मले कधी समजलं नाही. मी हजेरी लावत होतो." त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "तू हजर होतीस. मी गैरहजर लिहिलं. ती चूक माझी."

त्यांनी खिशातून पेन काढलं, 'काम नाही' खोडलं आणि बाजूला लहान सही केली. खाडाखोड केली की सही करावी लागते. मग कपाटातून ते जुनं पत्र आणून मारोतरावांसमोर धरलं.

"रद्द करतो. सही करता?"

"याच्यावर करतो," मारोतराव म्हणाले.

कराराला दोन साक्षीदार लागत होते. मृणालने सही केली, तिच्या खाली शामसुंदररावांनी. मारोतरावांनी अकरा पानं वाचायला पंचावन्न मिनिटं घेतली आणि पत्त्यात पिनकोडचा एक आकडा चुकल्याचं शोधून काढलं. दुरुस्त झाल्याशिवाय सही करणार नाही, म्हणाले. गुरुवार संपत आला. मृणालने व्यवस्थापकाला मेल केला. दहा मिनिटांत दुरुस्त प्रत आली आणि तिघांनी तिच्यावर सह्या केल्या.

"संस्था बरी दिसते," शामसुंदरराव म्हणाले. तक्ता मात्र त्यांनी फेकला नाही. कलावतीबाईंचा रकाना वाढवला: अंगठा, दिवाळी. त्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.

जानेवारीत नवा सीझन सुरू झाला. पहिल्या सामन्याला उन्नतीने सहा पकडी केल्या. मृणाल बेंचवर डावीकडून दुसरी होती. शामसुंदररावांनी या वेळी घड्याळ आणलं नव्हतं. मांडीवर वही होती. त्यांनी तारीख घातली, लिहिलं, मृणाल शामसुंदर निखाडे, हजर, आणि डावीकडे सही करून वही शेजारी सरकवली.

मारोतरावांचा चष्मा घरी राहिला होता. ते उठले, टीव्हीच्या अगदी काचेपाशी गेले, बेंच पुन्हा पडद्यावर येईपर्यंत तिथेच उभे राहिले. मृणाल दिसली तेव्हा नीट पाहून घेतलं. मग येऊन सही केली.