मनाचं घालू नको

पुस्तक मिटायचं, पण एक बोट आत अडकवून ठेवायचं आणि वर पंख्याकडे बघत बसायचं. ती अशी बसली की आम्ही समजायचो, आता खेळ बंद. कुणी घाई केली तर पंख्यावरची नजर न काढता म्हणायची, "थांब की. वाचतोय न्हवं?" कोल्हापुरातल्या पोरी बोलतात तशीच ती बोलायची, 'आलो', 'गेलो', 'वाचतोय'. पुस्तक मिटलेलं असलं तरी वाचतोय.

तिचं नाव सांगत नाही. तिच्या घरी आधीच बराच तमाशा झालाय.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत आम्ही दोघी कामाला होतो. मी अकाउंट्सला, ती परचेसला. ती गारगोटीकडची, इथे भाड्याच्या खोलीत राहायची. रविवारी दुपारी माझ्या घरी चौघं जमून आम्ही एक खेळ खेळायचो. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि अडेल तिथे फासे टाकायचे. गोष्ट मी सांगायचे. माझा धाकटा भाऊ तलवारवाला, त्याचा मित्र चोर आणि ती मांत्रिक. कुठला मंत्र कुणावर चालतो, किती वेळ चालतो, याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असतं. ते लिहिणाऱ्याला एकदा माझ्या टेबलाशी आणून बसवावं असं मला दर रविवारी वाटायचं, कारण नेमकं अडायचं तिथेच त्याने काही लिहिलेलं नसायचं.

अशा वेळी गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा, असा नियम आहे. नियम तिला मान्य होता, माझा शब्द तेवढा मान्य नसायचा. एकदा तिने मंत्राने दार बंद केलं, तर राक्षस खिडकीतून यायला लागला. मला तिची दया आली. म्हटलं, खिडकीही बंद झाली असं धरू. तर म्हणाली, "दार लिवलंय. लिवलंय तेवढं वाच. मनाचं घालू नको." राक्षस आत आला आणि पहिला तिलाच चावला. चावून घेतलं, पण खिडकी बंद होऊ दिली नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर खेळायचं म्हणजे डोक्याला ताप असतो.

खरं भांडण झालं ते गुहेवरून. गुहेला आग लागलेली आणि भावाचा तलवारवाला आत बेशुद्ध पडलेला. तिच्याकडे सगळ्यांना क्षणात दूर पोचवणारा मंत्र होता. पुस्तकात लिहिलं होतं की जे राजी असतील त्यांनाच पाठवता येतं. बेशुद्ध माणूस राजी धरायचा का, यावर चकार शब्द नाही. मी म्हटलं, धरू. भाऊ म्हणाला, धर की बाई, मरतोय मी. तिने बोट अडकवलं आणि पंख्याकडे बघत बसली. चहा गार झाला.

"तू बोलाय लागलास, तुझा तलवारवाला न्हाय," ती भावाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "गप हाय म्हंजे राजी हाय, असं कुठं लिवलंय? दाखव."

मला दाखवता येईना. तिने चोराला एकट्याला मंत्राने बाहेर पाठवलं आणि स्वतः त्या बेशुद्ध माणसापाशी बसून राहिली. दोघं जळून मेली. इतके दिवस जपून वाढवलेली मांत्रिक तिने एका न लिहिलेल्या ओळीसाठी घालवली. मी पुस्तक उचलून सोफ्यावर आपटलं आणि तिला तोंडाला येईल ते बोलले. तिने माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन चहा पुन्हा गरम केला आणि सगळ्यांना दिला.

त्यानंतर काही दिवसांनी तिला गडहिंग्लजचं स्थळ आलं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. चुलत्याने सांभाळलं, शिकवलं. त्यांना ती तात्या म्हणायची. म्हशी, ऊस आणि दिलेला शब्द, हे तात्यांचं सगळं जग. बघायचा कार्यक्रम गारगोटीला घरीच होता. "तू चल. एकटीला नको वाटाय लागलंय," असं ती म्हणाली म्हणून मी गेले.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामांनी तिला विचारलं, पोरगा पसंत हाय न्हवं? तिने वर बघितलं. तिथेही पंखा होता. त्या खोलीत मला एकटीलाच कळलं की ती आता वाचतेय आणि जरा वेळ लागणार आहे. तात्यांनी कपातला घोट संपेपर्यंतही धीर धरला नाही.

"गप हाय म्हंजे राजी हाय," ते म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ती शांतपणे म्हणाली, "तात्या, मी अजून काय बोललो न्हाय." सगळे हसले. पोरगी बोलकी आहे म्हणाले. कुठल्याशा आत्याने पुढे होऊन तिच्या तोंडात पेढा कोंबला, आणि मग तिला खरोखरच बोलता येईना. मुलगा आपल्या बुटांकडे बघत होता. त्यालाही कुणी विचारलेलं दिसत नव्हतं. साखरपुड्याची तारीख त्याच बैठकीत ठरली.

मला थोडा वेळ द्या, त्याच्याशी एकदा बोलू द्या, असं ती नंतर तात्यांना सांगून बघत राहिली. तात्यांचं एकच. शब्द गेलाय. रविवारी मी हे टेबलावर सांगितलं तर माझा भाऊ फासे खुळखुळवत म्हणाला, "तसं ती नाही तरी कुठं म्हणाली?" हा तोच, ज्याच्यासाठी ती गुहेत जळून मेली. मी त्याला घराबाहेर काढलं. महिनाभर त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

साखरपुड्याच्या आधल्या आठवड्यात तिने फाउंड्रीच्या जिन्यात उभं राहून गारगोटीला फोन लावला. मी खालच्या पायरीवर होते. ती म्हणाली, "तात्या, आता बोलतोय. मी राजी न्हाय." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. तो तिने पूर्ण ऐकून घेतला. मग राजीनामा दिला आणि पुण्याला दुसरी नोकरी धरली.

ती गेली त्याच्या पुढच्या रविवारी तात्या माझ्या दारात. टेबलावर तसेच पडलेले फासे दिसले आणि त्यांचा पाराच चढला. जुगार शिकवून पोरगी नासवली म्हणाले. भाऊबंदात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही म्हणाले. आणि मग म्हणाले, "आमाला इचारलं तिनं? एका शब्दानं तरी इचारलं?"

वडीलधारी माणसं असली की आपण शब्द गिळतो. मी गिळले नाहीत. तिच्या तोंडात कोंबलेला पेढासुद्धा सांगितला. बोलून दमले तेव्हा बघते तर म्हातारा खुर्चीत बसला होता, टोपी मांडीवर. त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

"तिला म्हणावं, घरला ये," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मी म्हटलं, मी निरोप देणार नाही. यायचंय का ते तुम्हीच तिला विचारा. तिचा नंबर लावून माझा फोन त्यांच्या हातात दिला. स्पीकर चालूच ठेवला होता.

"बोल गं," ती म्हणाली.

तात्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. माणसाला विचारायचं कसं, हे त्यांना सत्तर वर्षांत कधी शिकावं लागलंच नव्हतं. पलीकडे ती दोनदा हॅलो म्हणाली. मला वाटलं, आता ठेवेल, आणि ठेवावाच असंही वाटलं. तेवढ्यात तात्यांना खोकला आला.

"तात्या?"

ते नुसते फोनकडे बघत राहिले. तिने फोन ठेवला नाही.

"सावकाश बोला," ती म्हणाली. "मी थांबतो."