उकारापाशी अडलेली मशीन

टायपिंग क्लासच्या सरांना मी भर वर्गात सांगितलं, "परीक्षेले मी माझी मशीन घेऊन येईन." तेव्हा माझ्याकडे मशीन नव्हती. ती कुठे मिळते हेही ठाऊक नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं होतं आणि दहा-बारा पोरं हसली होती. आता मागे फिरायचं नव्हतं.

सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. कचेऱ्यांचा कारभार मराठीत येत होता आणि मराठी टायपिंग येणाऱ्याला नोकरीची आशा होती. मी मालेगावजवळच्या खेड्यातली, बौद्ध घरातली, नुकती मॅट्रिक झालेली मुलगी. एसटीने रोज वाशीमला क्लासला जायचे. तिथे इंग्रजीच्या पाच मशिनी होत्या आणि मराठीची एकच. तिच्यावर नंबराने बसायचं. तीन महिने माझा नंबर लागला नाही. माझ्यानंतर नाव घातलेली पोरं तिच्यावर बसून गेली आणि मी इंग्रजीवर तीच ती अक्षरं बडवत राहिले. शेवटी विचारलं.

"सर, माझा नंबर काहून येत नाई?"

हजेरीतून मान वर न करता सर म्हणाले, "तुमच्या लोकाईले सवलती हायेत. तुले मशीन कायले पायजे?"

त्यावर मी ते बोलले. रडू आलं ते परतीच्या एसटीत, खिडकीकडे तोंड करून.

माझे वडील रिसोडला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगवर पहारेकरी होते. तिथल्या ऑफिसात एक इंग्रजी टाइपरायटर धूळ खात पडला होता. वडिलांनी मालकाला विचारलं. भंगारात जायचाच होता, तो म्हणाला घेऊन जा. वडील ती मशीन मांडीवर घेऊन एसटीने आले. कंडक्टरने लगेजचं तिकीटही फाडलं होतं.

"हे घे," ओट्यावर ठेवत ते म्हणाले. "पन इंग्रजी हाय व बाई."

"इंग्रजीची मराठी करू," मी म्हटलं.

टाइपरायटरच्या प्रत्येक बटणाला आत एक लोखंडी दांडी जोडलेली असते. दांडीच्या टोकाला पोलादी अक्षराचा छोटा ठोकळा कथलाचा डाग देऊन बसवलेला असतो. तो ठोकळा म्हणजे टाइप. टाइप बदलले की भाषा बदलली, एवढंच मला कळत होतं. मी आईला घेऊन अकोल्याला मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्यांच्याकडे एका मोडक्या मराठी मशिनीचे काढलेले टाइप होते, तपकिरीच्या डबीत ठेवलेले.

"मशीन इथं ठेवून जा बेटा, दिवाळीनंतर पाहू," मिस्त्री म्हणाले.

"परीक्षा दिवाळीच्या आधी हाय. आमी घरी बसवतो."

"हे बाईमाणसाचं काम नाई."

"एक बसवून दाखवा. मंग ठरवू कोनाचं काम हाय ते."

मिस्त्री हसले, पण त्यांनी आपल्याकडच्या एका मशिनीवर 'क' बसवून दाखवला. मी मशिनीजवळ तोंड नेऊन पाहिलं. डबी विकत घेऊन आणि मशीन उचलून आम्ही परत आलो.

डाग द्यायला माझा मामा होता. आठवडी बाजारात बसून तो गळक्या बादल्या आणि कंदील झाळून द्यायचा. त्याने डबीतला एक टाइप तळहातावर घेतला आणि म्हणाला, "हे त ज्वारीच्या दाण्याएवढं हाय. माहा हात बादलीचा हाय, माय."

"मी धरतो, तू फक्त डाग दे."

आधी मी इंग्रजी मशिनीवरचं प्रत्येक अक्षर एका कागदावर उमटवून घेतलं. कोणती दांडी कितवी, अक्षर किती उंचीवर बसतं, सगळं लिहून ठेवलं. आता माझी मुलगी संगणकात नवी डिस्क बसवून त्यात सगळं पहिल्यापासून भरते, तेव्हा आधी जुन्यातलं उतरवून घेते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण एकदा काढलं की परत विचारायला कुणी नाही, एवढी समज होती. मराठीचं कोणतं अक्षर कोणत्या बटणावर असतं ते मात्र कुठून लिहून घ्यायची गरज पडली नाही. तीन महिने मी क्लासातल्या मराठी मशिनीकडे नुसतं पाहत होते. डोळे मिटूनही ती मला दिसायची.

बाजार नसेल त्या दिवशी मामा यायचा. अंगणात शेगडी पेटायची, त्यात डाग द्यायचं अवजार तापायचं. मी चिमट्यात टाइप धरायची आणि तो श्वास रोखून डाग द्यायचा. बोटं भाजली. 'ष' ओळीच्या वर तरंगला, 'भ' तिरपा झाला. ते काढून पुन्हा बसवले. असं करत पंधरवड्याने शेवटची दांडी झाली. मी कागद घातला आणि 'वाशीम' लिहिलं. सुरेख उमटलं. मामाने कागद आईला नेऊन दाखवला. मग मी 'पुसद' लिहिलं.

कागदावर आलं 'पु सद'.

पुन्हा केलं. 'पु सद'. 'कुणी' लिहिलं, 'कु णी' झालं. इंग्रजी मशीन प्रत्येक बटणाला एक घर पुढे सरकते. मराठीत उकार, मात्रा, अनुस्वार अक्षराच्या खाली-वर बसतात. तेव्हा मशिनीने जागीच थांबायला हवं, आणि ती थांबत नव्हती. तिला थांबायचं माहीतच नव्हतं.

मामा म्हणाला, "जाऊ दे. मिस्त्री खरं सांगत होता."

मी मिस्त्रींना कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. मग मी मशीन उलटी करून अंगणात उन्हात घेऊन बसले. एकेक बटण अगदी हळू दाबायचं आणि आत काय काय हलतं ते पाहायचं. दुसऱ्या दिवशी दिसलं. प्रत्येक दांडीच्या बुडाशी एक छोटी टाच होती. ती टाच मागच्या आडव्या पट्टीला ढकलत होती आणि पट्टी ढकलली की मशीन सरकत होती. टाच घासून काढली तर पट्टीला धक्काच लागणार नाही.

"घासलं ते परत येत नाई," मामाने बजावलं.

"म्हनून आधी 'ृ' घासतो. तो कमी लागतो."

मी कानस चालवली. 'कृती' लिहिलं. सलग उमटलं! त्यानंतर उकार, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांच्या टाचा घासल्या. 'पुसद' मी पानभर लिहिलं.

परीक्षेला स्वतःची मशीन आणायची मुभा होती. वाशीमला केंद्रावर मी आणि मामा ती गोधडीत बांधून घेऊन गेलो. सर तिथे देखरेखीला होते.

"ही कुठून आनली?"

"घरी केली."

"घरी केलेली चालत नाई."

बाहेरून आलेले तपासनीस मागेच उभे होते. ते म्हणाले, "मशीन उमेदवाराची जबाबदारी आहे. चालते की नाही, ते कागदावर दिसेलच."

अर्ध्या उताऱ्यावर 'ठ'चा टाइप निखळून मांडीवर पडला. मी त्या जागा कोऱ्या सोडल्या आणि पुढे लिहीत गेले.

पेपर सुटल्यावर सर बाहेर आले. आवाज बदललेला होता. "माह्या दोन इंग्रजी मशिनी अशा करून देशीन का? पैसे देतो."

"नाई."

"काहून?"

"करायच्या नाईत म्हनून."

परतीच्या एसटीत मामा भडकला. "डाग देनं माहा धंदा हाय. अर्धी मशीन तू केली, अर्धी म्या. नाई म्हननारी तू एकटी कोन?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तरीही मी त्या माणसासाठी चिमटा हातात धरला नसता. तसं मी त्याला सांगितलं. मालेगावला उतरल्यावर गोधडीचं गाठोडं माझ्या हातात देऊन तो पुढे निघून गेला.

निकाल लागला. कोऱ्या जागांचे गुण गेले, तरी मी पास झाले. मामाला सांगायला बाजारात गेले तेव्हा तो एका बादलीच्या बुडाला डाग देत होता.

"पास झाली? बरं झालं," तो म्हणाला. मग विचारलं, "आन सराच्या त्या मशिनीचं? अजून नाईच का?"

"नाईच."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बादली माझ्यापुढे सरकवली. "धर मंग हे. हालू देऊ नको."