सागाची गुल्ली

बडनेऱ्याला मी आणि बाबा रेल्वेच्या रुळांजवळ राहत होतो. बाबांनी जन्मभर सुतारकाम केलं होतं. पण साठीनंतर त्यांना विसर पडू लागला आणि ते मधेच उठून रुळांकडे चालू लागायचे. दोनदा लोकांनी त्यांना हात धरून परत आणलं. मी शाळेत शिकवायला गेले की घरी कोणी नसायचं, म्हणून दाराला बाहेरून कडी बसवायचं मी ठरवलं.

पण चौकट वाळवीनं आतून पोखरली होती. स्क्रू पिळला की नुसता गरगर फिरायचा. मी पोकळीत भुसा आणि सरस भरला, त्याचा भुगा झाला. मग काचा बसवायला वापरतात ती लांबी भरली, तीही पहिल्याच हिसक्याला निघाली.

बाबा मागे उभे राहून पाहत होते.

"भुसा काहून भरून राहिली? त्याले पकड नसते," ते म्हणाले. "पोकळ भाग कोरून काढ. सागाची गुल्ली सरस लावून ठोक अन् दिवसभर वाळू दे. मग स्क्रू हालत नाही."

कित्येक महिन्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते. गुल्ली त्यांनीच तासली. दुसऱ्या दिवशी स्क्रूही त्यांनीच पिळले. मग विचारलं, "कडी बाहेरून काहून?"

"चोर येतात, बाबा."

सोमवारी मी कडी घातली. गल्लीच्या टोकापर्यंत दार हलवल्याचा आवाज येत होता. मी मागे वळले नाही, शाळेत जाऊन हजेरी घेतली.

बाबा पुढं तीन वर्षं जगले. रुळांकडे पुन्हा गेले नाहीत. ती कडी कोणी बसवली, हे मी कुणालाच सांगितलं नाही.