पाहुण्यांच्या गळ्यातला प्रयोग

आमच्या शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे दारावर तसं लिहिलेलं होतं. आठवीपर्यंत मी तिचं फक्त कुलूप पाहिलं. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे तेव्हा ते कुलूप निघायचं, शिपाईमामा बरण्यांवरची धूळ झटकायचे, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की दार पुन्हा बंद. 'काचेचं सामान आहे, फुटेल,' हे कारण. अहो, करपेल म्हणून भाकरीच टाकायची नाही का? पण हे विचारणार कोण?

नववीत आम्हाला विज्ञानाला नव्या बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात किल्ली मागून घेतली, ती परत काही दिली नाही. शाळा सकाळची, साडेबाराला सुटायची. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'प्रयोगशाळा दुपारी एक ते तीन उघडी. ज्याला यायचं त्याने यावं. डबा आणावा.' पहिल्या दिवशी आम्ही चौघीच होतो. पंधरा दिवसांत बाकं पुरेनात.

काय काय केलं आम्ही तिथे! कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, बंद पडलेला मिक्सर उघडला आणि कायमचा बंद पाडला, जास्वंदीच्या रसात लिंबू पिळून रंग बदलताना बघून वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. माझी मैत्रीण पंचवटीतल्या पुरोहिताची मुलगी. तिने एकदा रामकुंडाचं पाणी बाटलीत भरून आणलं, थेंबभर काचेवर घेतलं, नळीला डोळा लावला आणि झटकन मागे सरकली. मग म्हणाली, 'घरी नको सांगू हं.' आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'आता नळाचं आण. मगच काही बोलता येईल.' प्रत्येक गोष्टीला जोडीची दुसरी गोष्ट हवी, त्याशिवाय काही म्हणायचं नाही, हे बाईंचं रोजचं पालुपद होतं.

सगळं छान होतं, फक्त एक ते तीन ही वेळ माझी नव्हती. आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. सकाळी तोडणी, दुपारी हार, संध्याकाळी ते हार पंचवटीतल्या दुकानांवर पोचवायचे. दुपारचे हार म्हणजे आई आणि मी. आईचा हात असा चालतो की मी दहा फुलं ओवेपर्यंत तिचा अर्धा हार झालेला असतो, तरी म्हणायची, 'तू नसलीस की लय ओढाताण व्हती.' मी शाळेत थांबायला लागले तशी तिची धुसफूस सुरू झाली. माझ्या नाकावर राग आहे असं घरात सगळे म्हणतात. असेल, पण तो आला कुठून ते कुणी विचारत नाही.

शेवटी एक दिवस ती म्हणाली, 'शाळेच्या त्या परदर्शनापर्यंत थांब. तिथं नंबर आला तर पुढंही थांब, मी अडवणार नाय. नाय आला तर मुकाट्यानं एकच्या आत घरी. कबूल?'

'कबूल,' मी म्हटलं. वडील मोबाइलमध्ये बघत बसले. अशा वेळी त्यांना मोबाइलमध्ये फार काम असतं.

तर आता सगळं त्या विज्ञान प्रदर्शनावर येऊन ठेपलं होतं. आमच्याकडे प्रदर्शन म्हटलं की दुकानातून आणलेला थर्माकोल, इंजेक्शनच्या सिरिंजवर हलणारा जेसीबी आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी. दर वर्षी दोन तरी ज्वालामुखी फुटणारच. मी आणि मैत्रिणीने ठरवलं, आपण खरं काहीतरी करायचं. विटांचं दुहेरी भिंतींचं खोकं रचलं, दोन भिंतींच्या मध्ये वाळू भरली, ती सकाळ-दुपार ओली ठेवायची, वर ओलं गोणपाट. पाणी सुकताना आतली हवा थंड होते. वीज नको, बर्फ नको. या खोक्यात सोमवारी सकाळी शेवंतीची फुलं ठेवली, आणि तेवढीच फुलं शेजारी उघड्या टोपलीत. शुक्रवारी प्रदर्शन. बघणाऱ्याने दोन्ही बघावं आणि स्वतःच ठरवावं. फुलं घरचीच होती, पण मी ती दप्तरातून गुपचूप आणली होती. ऐन हंगामात फूल मागितलं असतं तर आधी दहा प्रश्न आले असते.

गुरुवारपर्यंत टोपलीतल्या फुलांची पार रया गेली होती. माना टाकलेल्या, पाकळ्या तपकिरी. आणि खोक्यातली? टवटवीत! मैत्रीण आणि मी आळीपाळीने गोणपाट उचलून बघत होतो. बाई ओरडल्या, 'सारखं उघडू नका गं, गार हवा जाते!' रोजची नोंद वहीत होती. शुक्रवारी पहाटे मी आईला म्हटलं, 'तू ये. लवकर ये. बघच तू.'

ती लवकर आली, हीच तर पंचाईत झाली.

झालं असं, की पाहुण्यांचा हार आणायचं काम दोन सरांवर सोपवलं होतं आणि दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने आणला. पाहुणे फाटकात आणि हाराचा पत्ता नाही. मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. धावपळीत ते प्रदर्शनाच्या वर्गावरून जात होते, तर आत आमची आई एकटीच उभी. पोरांच्या वस्तू बघत होती. सर तिला ओळखत होते. म्हणाले, 'ताई, देवासारख्या भेटलात! काहीतरी करा.'

आईच्या पर्समध्ये सुई-दोरा कायम असतो. समोर विटांच्या खोक्यात फुलं. तिने हात घालून बघितलं, ताजी आहेत, म्हणजे शाळेने आजच आणून शोभेला ठेवली असतील. बसली आणि पाहुण्यांचा चहा होईपर्यंत, दहा मिनिटांत हार ओवून मोकळी झाली. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. शेजारी टोपलीत वाळकी फुलं दिसली. पाहुण्यांच्या नजरेला हे बरं दिसत नाही म्हणून तिने ती नेऊन घंटागाडीत टाकली. टोपली धुऊन पालथी घातली. आमची आई म्हणजे कामाला वाघ!

मी या वेळी मैदानात स्वागतगीताच्या रांगेत उभी. पाहुणे व्यासपीठावर आले, निवृत्त इंजिनिअर, तेच परीक्षकही. सरांनी हार घातला. मला वाटलं, वा, काय शेवंती आहे. मग दिसलं की दोन फुलांच्या मध्ये पान दुमडून ओवलंय. नाशकात तसं पान ओवणारी एकच बाई मला माहीत होती, आणि ती खांबाशी पदर सावरत अभिमानाने हसत उभी होती. दुसऱ्या कडव्याच्या जागी मी पहिलंच पुन्हा म्हणाले.

गाणं संपताच मी वर्गाकडे पळत सुटले. खोकं रिकामं. टोपली स्वच्छ. मैत्रीण मागून आली, बघितलं आणि पालथी टोपली सुलटी करून आत शोधायला लागली. एवढ्यात आई आत आली. 'बघितला का हार? ऐन वेळी कामाला आले का नाय मी?'

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. खरं म्हणजे आठवतं, पण लिहवत नाही. 'तुला काही कळत नाही तर हात कशाला लावतेस?' हे नक्की म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले. तोवर वर्गात चाळीसएक मुलं आणि त्यांचे पालक जमले होते.

बरोबर तेव्हाच पाहुणे दारात आले. हार त्यांनी रीतीप्रमाणे काढून हातावर घेतला होता. विचारलं, 'काय झालं? तुमचा प्रयोग कुठाय?'

मी रडत म्हटलं, 'सर, तुमच्या हातात आहे.'

मैत्रिणीने कशीबशी हकिकत सांगितली. सोमवारची फुलं, पाच दिवस. ते ऐकून माझ्या बोलण्याने चेहरा पडलेली आई एकदम ताठ झाली.

'पाच दिवसांची? ह्या! शक्यच नाय. आजची हायेत साहेब, सकाळची.'

'आई, सोमवारची आहेत गं!'

'तू मला नको शिकवू. लग्न झाल्यापासून फुलंच हाताळतीय मी. शिळं फूल बोटाला कळतं.' तिने पाहुण्यांच्या हातातल्या हाराचं एक फूल खुडलं, देठ मोडून बघितला, वास घेतला. 'आजची! पैज लावा.'

पाहुणे तिच्याकडे बघत राहिले, मग वहीकडे, मग हसायला लागले. बाई तर तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या. आईला कळेना एवढं हसण्यासारखं काय झालं. मग वहीतल्या तारखा तिने स्वतः वाचल्या, बोट ठेवून, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत. वाचून झाल्यावर तिने ते खुडलेलं फूल पुन्हा नाकाशी नेलं.

तुम्हाला वाटेल, आला आमचा नंबर. कुठला! पाहुणे म्हणाले, 'पोरींनो, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण जोडीची टोपली दाखवता आली नाही, तर गुण कशाला देऊ?' बाईंचंच पालुपद, आता ते आमच्यावरच उलटलं होतं. टोपलीतली फुलं घंटागाडीतून कधीच गेली होती. पहिला नंबर जेसीबीला. दुसरा ज्वालामुखीला, आणि तोसुद्धा फुटताना नुसताच फसफसला होता.

आईच्या स्कूटीवर मागे बसून घरी येईपर्यंत मी तोंड रस्त्याकडेच ठेवलं. कबूल केलं होतं, तेव्हा सोमवारपासून एकच्या आत घरी. हार करायला बसले की मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करायची. असा आठवडा गेला. त्या आठवड्यात तिने गोठ्यामागे जुन्या विटा रचलेल्या मी बघितल्या होत्या, पण माझा राग एवढा होता की चुलाणं करत असेल म्हणून मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर वही आणि दोन पुस्तकं परत करायला मी प्रयोगशाळेत गेले. बाईंनी 'का गं?' असं विचारलं, मी काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात दाराशी आई. चपला बाहेर काढून ठेवलेल्या. हातात दोन पिशव्या.

'बाई, एक इचारू का? मी तसं खोकं केलं घरी. वरची फुलं चांगली ऱ्हायली. तळाची मात्र देठाला काळी पडली. ही बघा. आणि ही टोपलीतली, जोडीची, तीपण आणलीत.' तिने दोन्ही पिशव्या टेबलावर उघडल्या. 'असं का व्हत असंल?'

बाईंनी फुलं उलटीपालटी करून बघितली. म्हणाल्या, 'मला नक्की सांगता येणार नाही. शोधायला लागेल.'

'मग पोरीला थांबू द्या रोज. हारांचं मी बघीन, माझं मी.' एवढं बोलून ती जायला निघाली, दोन पावलं गेली आणि परत वळली. अख्ख्या पंचवटीत जिचा आवाज कुणाला ऐकावा लागतो असं नाही, आपसूक ऐकू येतो, ती माझी आई अगदी हळू आवाजात म्हणाली, 'आणि बाई, दर शनिवारी मी आले तर चालंल का? मागं उभी राहीन. काय बोलणार नाय, कशाला हात लावणार नाय.'

मला इतकी लाज वाटली की तिला साधं 'ये' सुद्धा म्हणता आलं नाही. बाईंनीच एक स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, 'अहो, हात न लावता कसं चालेल?'