आधी मागितलेलं, नंतर आलेलं

राजेंद्र नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर शोभना तारे एकोणीस वर्षं बसल्या. साखरेचे जुने पेशंट रिपोर्ट घ्यायला येत आणि घरची गाऱ्हाणी सांगून जात.

मार्चमध्ये लॅबनं विजय नगरच्या एका कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर घेतलं. नावावर क्लिक केलं की सर्व्हरकडून रिपोर्ट यायचा. दुपारी नेट रेंगाळायचं. गर्दीत एक नाव उघडेना, की शोभनाताई दुसरं उघडत.

अशाच एका दुपारी मालोजी शिंदे यांच्या नावाखाली भलत्याच माणसाची साखर छापून गेली: चारशे बारा. त्यांच्या डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. साखर एकदम उतरली आणि मालोजी जेवता जेवता ताटावर कोसळले. जीव वाचला, वाचा गेली, हातही उचलेना. त्यांची बायको शशिकला काउंटरवर आली. ओरडली नाही. म्हणाली, "आता रोज येऊन भरव त्यांना."

"शोभनाजी, नाव वाचता येत नाही का तुम्हाला?" लॅबचे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले.

ताईंनी तीन दिवस कंप्यूटरचा तोच पडदा धरून ठेवला. एक नाव उघडायचं, लगेच दुसरं. शेवटी सापडलं. पहिला रिपोर्ट वाटेत अडकला तर दुसऱ्याच्या मागून पोचायचा आणि त्याच्यावरच जाऊन बसायचा. वर नाव दुसऱ्याचं, खाली आकडे पहिल्याचे.

डॉक्टर कुरकुरतच त्यांना कंपनीत घेऊन गेले. तिथलं नेट सुसाट. ताईंनी आठ वेळा करून दाखवलं. आठही वेळा सगळं बरोबर.

"आंटीजी, कंप्यूटर झूठ नहीं बोलता," मॅनेजर सोनल हसली.

त्या पडद्याचा प्रोग्रॅम लिहिणारा ऋग्वेद भिंतीशी उभा होता, साताऱ्याहून नुकताच नोकरीला आलेला. ताई सांगू लागल्या तसा त्याचा चेहरा उतरला होता. ते त्यांनी पाहिलं.

"तुम्ही सांगा ना भिया, होऊ शकतं ना असं?"

"आमच्याकडे तरी दिसत नाहीये," तो म्हणाला.

खाली पार्किंगमध्येच डॉक्टरांनी त्यांच्याकडून लॅबच्या किल्ल्या मागून घेतल्या.

चार दिवसांनी ऋग्वेदचा फोन आला. "काकू, तुमचं बरोबर होतं. नव्या नावाची रिक्वेस्ट गेली की जुनी रद्द करायची असते. निदान आलेलं उत्तर कुणाचं, ते तरी तपासायचं. मी केलंच नव्हतं. आता केलंय."

"मग डॉक्टरांना सांगा."

"माझं प्रोबेशन चालू आहे, काकू. तुम्हाला बरं वाटावं म्हणून फोन केला."

"शशिकलाबाईंना करा. त्यांनाही बरं वाटेल."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

ताई तडक लॅबमध्ये गेल्या. काउंटरवर आता नवी मुलगी होती, शमिका. डॉक्टर बाहेर आले, फोनची हकीकत त्यांनी उभ्यानंच ऐकली.

"कोण ऋग्वेद? कंपनीनं तर लिहून दिलंय, सिस्टीममध्ये दोष नाही." मग ते रांगेतल्या लोकांकडे वळले. "आणि हे बघा, या गेल्यापासून एक रिपोर्ट चुकला नाही. एकसुद्धा."

ताईंचं तोंड उघडलं. त्या चुका का थांबल्या, हे त्यांच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आंटीजी, हटिए ना," मागून कुणी तरी म्हणालं, "नंबर लगा है।"

त्या बाजूला झाल्या.