कागदावर कागद

गल्लीत त्याला खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही पाहत नाही. गुंडाळ्या म्हटलं की लगेच ओ देतो. नाव लोकांनी ठेवलं, पण कमावलं त्याने स्वतः. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये, टॉर्च जुन्या मोज्यात, सोफ्याचं कव्हर मळू नये म्हणून त्यावर आणखी एक कव्हर. लग्नात आलेला काचेचा सेट अजून खोक्यातच, माळ्यावर आहे. बायको म्हणते, मला पाय होते म्हणून बरं, नाहीतर मीही माळ्यावरच असते.

असा माणूस द्राक्षबागेला अगदी शोभला. उन्हाने मणी करपू नयेत म्हणून घडांना कागद बांधतात. इतरांचे कागद म्हणजे कशीबशी मारलेली पिन. याचे घड मात्र सराफाच्या दुकानातून निघाल्यासारखे.

एका दुपारी गारा आल्या, लिंबाएवढ्या. बागेतल्या पत्र्याखाली दोघं नवराबायको नुसती उभी होती. थांबल्यावर तो धावत सुटला. पानांची चाळण झालेली, वेलांच्या काड्या सोललेल्या. घड तेवढे जागच्या जागी. कागद भिजलेले, कुठे कुठे भोकं पडलेली, पण लटकलेले.

बायको कात्री घेऊनच आली. शेजारच्या बागेत कागद उतरवायला लागलेही होते. फुटलेले मणी काढायचे, घडांना वारा द्यायचा, मग औषध मारायचं, असं तिचं चाललं होतं.

"अहो, एक तरी उघडून बघा."

"कागदाने झेललंय सगळं. आत काही झालेलं नाही."

आणि त्याने कोरडे कागद आणले. ओल्यावर कोरडा, असा एकेक घड पुन्हा बांधायला घेतला. बांधावरून लोकांनी विचारलं, वरून स्वेटर कधी घालणार? तोही हसला. ती कात्री घेऊन नुसती मागे मागे फिरली. त्याने बांधलेलं काही सोडायचं नाही, ही तिची इतक्या वर्षांच्या संसाराची सवय. ती सवय तिथे नडली.

खरं तर पहिल्याच ओळीत त्याच्या बोटांना कळलं होतं. कागदाआड काहीतरी मऊ लागत होतं, दाबलं की सरकत होतं. तो गाठ आणखी हलक्या हाताने मारायचा, एवढंच.

चार दिवसांनी आंबूस वास आला. चिलटं घोंगावू लागली, नव्या कागदांवर तपकिरी ओल उतरली. तिने एका घडाला हात घातला.

"राहू दे गं," तो म्हणाला. "उघडलं की खरं होईल."

तिने उघडलं. करड्या बुरशीचा गोळा ओंजळीत विरघळला. दुसरा तसाच, तिसराही. शेजारच्यांचे निम्मे घड वाचले होते. यांचे सगळे गेले, आणि कूज देठातून काडीत शिरली होती. आता वेल जगवायचे तर काड्या मुळाजवळून छाटायच्या, म्हणजे पुढच्या हंगामालाही फळ नाही.

अंधार पडेपर्यंत दोघं छाटत राहिली. रोज कात्रीला तेल लावून फडक्यात बांधणारा माणूस त्या दिवशी ती उघडीच चिखलात टाकून घरी चालू लागला.

तिने ती उचलली, पुसली, पदराच्या टोकात गुंडाळली. त्याने वळून पाहिलं, आणि तसाच पुढे गेला.