जोडीची तार

त्या दुपारी शाळेतून निघताना मी पर्समध्ये दोन खडू टाकले. सकाळी घरून निघतानाच बाईंनी बजावलं होतं, "मंदा, खडू आणजो वं, खुंट्या घसरून राह्यल्या." तंबोऱ्याच्या खुंटीला खडू घासला की ती जागची हलत नाही, हे मला बाईंमुळे कळलं. आणि सरकारी शाळेचा खडू आमच्या घरच्या तंबोऱ्याला लागतो, हे आमच्या हेडमास्तरांना कधीच कळलं नाही. गेटपाशी पोचते तोच संतोषचा, म्हणजे बाईंच्या मुलाचा, फोन आला. "काकी, माँ चली गई." मी म्हटलं, कुठं? खरंच असं विचारलं मी. सकाळी खडू मागणारं माणूस दुपारी जाऊन जाऊन कुठं जाणार… कटंगीला जाईल, लामत्याला भाचीकडे जाईल. याला आता महिना होऊन गेला. खडू परवापरवापर्यंत पर्समध्येच होते.

बाई म्हणजे यमुनाबाई, माझ्या मोठ्या जाऊ. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एका अंगणाच्या दोन बाजूंना आमचे दोन संसार झाले, पण चहा एकत्रच होत असे. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आमचं पटलं, कारण मी बडबडी आणि त्या ऐकणाऱ्या. मी तुमसरची, लग्न होऊन आले तेव्हा या घरात मोठी माणसं वऱ्हाडी बोलत, पोरं हिंदी, आणि तंबोरा मात्र दिवसभर एकच सूर बोलत असे. तो सूर मोठ्या भाऊजींचा. भाऊजी म्हणजे बाईंचे यजमान नारायणबुवा, भजनी मंडळाचे प्रमुख. गोड माणूस, गोड गळा. हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून गाणाऱ्याचा सूर सांगतात. भाऊजींची होती काळी एक, चांगला भरदार पुरुषी सूर. आणि त्या सुरात तंबोरा लावायच्या बाई. तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, शेवटची जाड पितळेची ती खरजाची, आणि मधल्या दोन एका सुरात मिळवलेल्या, त्यांना जोडी म्हणतात. ही जोडी बाईंसारखी कुणाला मिळवता येत नसे. दोन तारा आहेत हे विसरायला व्हायचं.

मंडळ परसवाड्याला जावो की लामत्याला, बाईंना बरोबर जावंच लागे. भाऊजी चारचौघांत सांगायचे, "तंबोरा लावावा तं आमच्या यमुनेनं!" लोक माना डोलवायचे. बाई मागं बसून तारा छेडायच्या, मांडीवर झोपलेला संतोष. एकदा अंगात ताप असताना त्यांना शालीत गुंडाळून जीपमध्ये बसवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. मी भाऊजींना म्हटलं, "राहू द्या ना आज, तुम्ही लावा." ते कानकोंडे झाले. "मले नाही जमत वं तिच्यावानी." खोटं नव्हतं ते. म्हणून तर मला जास्त राग यायचा. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार, फक्त बुक्क्यांच्या जागी कौतुक. आणि एवढी सुरांची जाण असलेल्या बाईला घरात सगळे काय म्हणायचे, तर "तिले गळा नाही." आरतीच्या वेळी बाई गाऊ लागल्या की आवाज विहिरीत उतरल्यासारखा खोल, घोगरा होऊन विरून जायचा. मलाही तसंच वाटायचं, की नसेल गळा. सगळ्यांनाच कुठं असतो!

भाऊजी गेले तेव्हाची गोष्ट. आमच्या घरी सुतकात तंबोरा उतरवतात, म्हणजे तारा सैल सोडून ठेवतात, आणि तेरवी झाली की पुन्हा चढवतात. तेरवीला मंडळाची माणसं जमली, डोळे पुसून म्हणाली, "भाभी, बुवांच्याच सुरात लावा. तो सूर घरात राह्यला पाहिजे." बाईंनी मान हलवली आणि लावला. माणूस गेलं, पण त्याची काळी एक काही घरातून हलली नाही. पुढं तारा गंजल्या. तोवर तारा भाऊजी आणत. आता ते काम माझ्याकडे आलं. नागपूरच्या दुकानात मी आपली ऐटीत म्हटलं, तंबोऱ्याच्या तारा द्या. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "लेडीज की जेंट्स?"

मला हसूच आलं. बसमध्ये लेडीज सीट असतात तशा तारांमध्येही लेडीज असतात, हे मला कुठं ठाऊक! त्यानं समजावलं. बायकांचा सूर वरचा, काळी चारच्या आसपास. त्यांना बारीक तारा लागतात. पुरुषांच्या जाड तारा तेवढ्या वर ओढल्या तर तुटतात. मी तिथूनच बाईंना फोन लावला. "बाई, लेडीज पाहिजे की जेंट्स?" मला वाटलं फोन कटला. दुकानदार पुड्या हातात धरून उभा, मागं गिऱ्हाईक खोळंबलेलं… "बाई?" मग अगदी बारीक आवाज आला. "लेडीज आण."

घरी आल्यावर त्या बोलल्या. लग्नाआधी माहेरी बाई गायच्या, काळी चारमध्ये. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, घरात कुणी नाही असं पाहून त्यांनी हा तंबोरा आपल्या सुरात चढवायला घेतला. तारा जेंट्सच्या आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जोडीची तार ताडकन तुटली. आणि त्याच आठवड्यात भाऊजींना टायफॉइड झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जोडी तोडली हिनं." भाऊजी बरे होऊन घरी आले. भाऊजींना यातलं काही कळलंही नाही, सासूबाईही विसरल्या असतील. पण बाईंनी त्यानंतर खुंटी काळी एकच्या वर कधी फिरवली नाही. गळा नाही म्हणून नव्हे, कुंकवाच्या भीतीनं ही बाई जन्मभर दुसऱ्याच्या सुरात गुदमरली.

मी तर उसळलेच. म्हटलं, "कावळा बसायला अन् फांदी तुटायला एक गाठ पडली, बाई! तार लोखंडाची, नवरा हाडामांसाचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुह्या घरी काही झालं नाही, म्हणून बोलून राह्यली तू." मग स्वतःच जरा हसल्या. "आता तुटली तरी काय होते? ज्याच्यासाठी भेत होती मी, ते तं गेले." आणि त्यांनी जुन्या तारा काढल्या.

तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची वेळ, दार लोटलेलं. आमच्या तंबोऱ्याची दांडी लांब, पुरुषी मापाची. त्यावर बारीक तारासुद्धा काळी चारला जीव मुठीत धरून उभ्या राहतात. खुंटी फिरली की तार कुई करायची. "बोलून राह्यली ते, हात हलका करा लागते," बाई म्हणायच्या, मला आणि तारेलाही. तार तुटली नाही. जोडी लागली, पंचम लागला, आणि घरात असा आवाज भरला जो मी तिथं कधी ऐकलाच नव्हता. बाईंनी डोळे मिटले, सा लावला…

तो पोचला नाही. मध्येच फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. पासष्टीचा गळा. इतकी वर्षं तो सूर मागंच राहिला होता, आणि गळा खाली उतरून गेला होता. बाई खुंट्या थोड्या उतरवायच्या, लावून बघायच्या, पुन्हा उतरवायच्या. बारीक तारा ढिल्या पडून फरफरायला लागल्या. आणि शेवटी एका जागी बाईंचा आवाज लागला. स्वच्छ, मोकळा, गोल. मी टाळी वाजवणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला. "मंदा," त्या म्हणाल्या, "हे तं काळी एक आहे. मी त्यायच्याच सुरात येऊन बसली वं." मला रडू आवरेना. ज्या खोलीतून बाहेर पडायला आयुष्यभर दार शोधलं, ते सापडलं तेव्हा पायच त्या खोलीचे झाले होते. दुसऱ्या कुणी जाड तारा पुन्हा चढवल्या असत्या आणि सुखानं गायलं असतं. बाईंनी तसं केलं नाही. तंबोरा पुन्हा काळी चारला नेला. "मी नाही पोचत तं नाही पोचत. तो राहू दे वरच."

तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की बाई तंबोरा छेडत बसायच्या. न गाता. संतोष कधी कुरकुरला, "माँ, पापा का सुर कहाँ गया?" तर म्हणायच्या, "पापा के पास." मंडळानं सुराची विजेवरची पेटी घेतली, बटण फिरवलं की काळी एक. तंबोरा लावणाऱ्या बाईंची चौकशी करायला मग कुणी फिरकलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. आपलेच दात, आपलेच ओठ, त्यामुळे यापुढे बोलत नाही.

बाईंच्या सुतकात तंबोरा मीच उतरवला. उतरवायला अक्कल लागत नाही. तेरवी झाली, आता चढवायचा कुणी? संतोष जाड तारांची पुडी घेऊन आला. "काकी, गोंदिया से आदमी बुला लेता हूँ, पापा वाला सुर लगा देगा." मी म्हटलं, थांब, आधी मी बघते. आठ दिवसांपूर्वी मोबाइलवर काळी चारचा सूर लावला, पर्समधले खडू काढले, खुंट्यांना घासले आणि तंबोरा मांडीवर घेतला. खरज आला. पंचम जवळपास आला. मग जोडीच्या तारेला हात घातला. थोडी वर, आणखी थोडी वर… कुई. हात हलका केला. आता जरासंच राहिलं होतं.

तेवढ्यात आतून आमचे हे खोकले. "मंदा, चहा होते का?"

माझा हात खुंटीवर थांबला. लोखंडाचा हाडामांसाशी संबंध नाही हे मला ठाऊक आहे. मी गणित शिकवते. मी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. "होते," म्हटलं, आणि आत जाऊन चहा टाकला.

तंबोरा कोपऱ्यात उभा आहे, जोडी काळी चारच्या किंचित अलीकडे. खाली फरशीवर खडूची भुकटी पडली आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून मी जाऊन बसते, खुंटीला हात लावते, पण फिरवत नाही. हे घरात असले की वाटतं, घरात आहेत. बाहेर असले की वाटतं, स्कूटरवर आहेत.